दोर कुणाच्या हाती द्यावा?

आपल्या मराठी मंडळींत व्यायामाचा विषय निघाला की दोनच उत्तरे ऐकू येतात: तरुणांनी फुटबॉल खेळावा आणि वयस्कांनी पहाटे चालावे. स्त्रियांचा प्रश्न बहुधा कुणी काढीतच नाही; घरकामात त्यांना व्यायाम होतोच, असे म्हणून तो मिटविला जातो. अशा समाजापुढे आज आम्ही एक सूचना ठेवीत आहोत, आणि ती वाचून काही वाचक हसतील याची आम्हांस कल्पना आहे. आपल्या प्रत्येक मंडळाने वर्षातून एकदा तरी सभासदांना भिंत चढण्याच्या प्राथमिक वर्गाला न्यावे. नेताना नुसती मुले नेऊ नयेत. एक वडीलधारे माणूस आणि एक मूल, अशा जोड्या करून न्याव्यात.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. मोठ्या गोदामासारख्या इमारतीत आठ-दहा मीटर उंचीची भिंत उभारलेली असते आणि तिच्यावर हाताने धरण्यासाठी व पाय ठेवण्यासाठी रंगीबेरंगी गोळे आणि खुंट्या स्क्रूने पक्क्या बसविलेल्या असतात. भिंतीच्या माथ्यावरून दोर फिरवून खाली आणलेला असतो. त्याचे एक टोक चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला बांधतात. दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या पट्ट्यावरील यंत्रातून जाते. चढणारा जसजसा वर जाईल तसतसा जोडीदार दोर ओढून घेत राहतो. चढणाऱ्याचा हात सुटला तर तो दोरावर लोंबकळतो, जमिनीवर येत नाही. खेळ एवढाच आहे.

याचा उगम डोंगर चढणाऱ्यांच्या सरावात आहे. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात १९६४ साली डॉन रॉबिन्सन नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने एका बोळवजा मार्गिकेच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसविले आणि त्यांवर विद्यार्थी चढू लागले. तेथून हा प्रकार थेट ऑलिंपिकपर्यंत गेला. टोकियोचे सामने २०२१ मध्ये झाले तेव्हा त्याचा प्रथम समावेश झाला, आणि २०२४ साली पॅरिसला इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोने १५ मीटरची भिंत ४.७५ सेकंदांत चढून सुवर्णपदक घेतले. आम्हांस याच्या निम्म्या उंचीला किती वेळ लागला ते येथे छापण्याजोगे नाही.

आता कुणी विचारील की ज्या बेटावर जिकडे पाहावे तिकडे डोंगर आहेत तेथे खोट्या भिंतीचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. वाक्वा, कात्र बोर्न, हेन्रिएटा, कास्कावेल, ब्लॅक रिव्हर येथील आपल्या घरांतून बाहेर पडले की कोणता ना कोणता डोंगर समोर उभा असतो. कोर द गार्दच्या उतारावर मुरुगनचे देऊळ आहे आणि कावडीच्या वेळी तेथे गर्दी लोटते. ल पूसवर १८३६ साली डार्विन चढून गेला होता. पिटर बोथच्या माथ्यावरील तो प्रचंड गोल धोंडा १८३२ साली कॅप्टन लॉइड व त्याच्या तीन सोबत्यांनी दोर आणि शिड्या लावून सर केला. त्या शिड्या डोंगरावर वाहून नेणारी माणसेही होती. इतिहासाने नावे मात्र चौघा साहेबांचीच ठेवली. ल मोर्नच्या कड्यावर मळ्यांतून पळालेले गुलाम आश्रयाला राहिले आणि आज जग त्या डोंगराला वारसा म्हणून ओळखते. बेटाच्या इतिहासात डोंगरांना एवढे स्थान आहे, परंतु आपल्या मराठी घरांत विचारून पाहा: कोर द गार्द रोज दिसतो, त्याच्या माथ्यावर कोण गेले आहे?

याला कारण आहे. आपले पूर्वज रत्नागिरी आणि तिच्या आजूबाजूच्या मुलखातून मुंबई बंदरमार्गे येथे आले ते उसाच्या कामाला. पहाटेपासून शेतात राबलेल्या माणसाला रविवारी डोंगर चढण्याची हौस कशी असणार? बरीच डोंगराळ जमीन खाजगी. ती मालकांची आणि त्यांच्या हरणांच्या शिकारीची. डोंगर हे आपले नव्हेत ही समजूत तेव्हाची आहे आणि तिला तेव्हा अर्थ होता. आज आपली मुले कारकुनी करतात, बँकेत बसतात, संगणकापुढे दिवस काढतात, आणि समजूत मात्र तीच आहे. गंमत अशी की व्यासपीठावर आपण सारे गिर्यारोहक! शिवजयंतीला तानाजीचा प्रवेश झाला की रंगविलेल्या कापडाचा सिंहगड चढून जाण्यास दहा मावळे सहज मिळतात. (दोराला बांधलेली घोरपड अनेक इतिहासकार मान्य करीत नाहीत, पण आपल्या नाटकातून ती हलायला तयार नाही.)

तर मग थेट डोंगरावरच का जाऊ नये? कारण आपला काळा बसाल्टी खडक पावसात निसरडा होतो, पुष्कळ ठिकाणी ठिसूळही आहे, आणि वरच्या भागात पाऊस केव्हा येईल याचा नेम नसतो. दरसाल कुणी ना कुणी वाट चुकून किंवा पाय घसरून अडकल्याची बातमी आपण वाचतो. ज्याने जन्मात कमरेला पट्टा बांधला नाही त्याने दोर लागणाऱ्या कड्यावर जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बंदिस्त सभागृहात पाऊस नसतो, खाली जाड गाद्या असतात आणि शिकविणारा हाकेच्या अंतरावर असतो. शिकावे तेथे.

आम्ही या वर्गाला गेलो ते भाचीच्या मुलीबरोबर. वय वर्षे चौदा. आम्हांस आजी म्हणते. वर्गात एकंदर आठ जण होते व शिकविणारा तिशीतला तरुण क्रिओल आणि फ्रेंच मिसळून बोलत होता. आमची कल्पना अशी होती की दोन तासांत बहुतेक वेळ चढण्यात जाईल. पहिला पाऊण तास कुणी भिंतीला हातही लावला नाही. पट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे, नाहीतर उलटे झालेले माणूस त्यातून निसटू शकते. मग आठाच्या आकाराची गाठ: दोराचा आठ करायचा, टोक पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कड्यांतून न्यायचे आणि आलेल्या वाटेनेच आठावरून परत फिरवायचे. सारे दोर जोडीजोडीने समांतर दिसले तर गाठ बरोबर. शेजारच्या एका गृहस्थांनी टोक एकाच कडीतून नेले होते. त्यांना ते दिसले नाही. त्यांच्या मुलाला दिसले.

वर्गाचे खरे शिक्षण येथेच आहे असे आम्हांस वाटते. प्रत्येक वेळी, चढण्यापूर्वी, चढणाऱ्याने जोडीदाराचे यंत्र व पट्टा पाहायचा आणि जोडीदाराने चढणाऱ्याची गाठ व पट्टा पाहायचा. डोळ्यांनी पाहायचे आणि हाताने ओढूनही पाहायचे. वीस वर्षे चढणारा असो की आज आलेला असो, नियम तोच. कुणी याला अविश्वास मानीत नाही. शिकविणाऱ्याने स्वतः चढून दाखविले तेव्हा त्याने आपली गाठ वर्गातील सर्वांत लहान, अकरा वर्षांच्या मुलाला तपासावयास लावली आणि मुलगा मान डोलावीपर्यंत तो भिंतीपाशी थांबला.

आपल्या घरांत आणि मंडळांत हे दृश्य कल्पून पाहा. अध्यक्षांचा हिशेब एखाद्या तरुण सभासदाने तपासला तर केवढा अपमान होतो! आणि उलट, तरुणांच्या हाती काही सोपवायचे म्हटले की "त्यांना काय कळते" हे वाक्य ठरलेले. गणेश चतुर्थीला मखर बांधणे, खुर्च्या लावणे, मूर्ती नदीपर्यंत किंवा समुद्रापर्यंत नेणे ही कामे तरुणांची. चावी, पावतीपुस्तक आणि ध्वनिक्षेपक वडिलांकडे. मग आपणच सभेत उठून विचारतो की तरुण मंडळी मंडळाकडे का फिरकत नाहीत. आम्ही कोणत्याही एका मंडळाविषयी बोलत नाही. ज्यांना हे आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटेल त्यांनी तसे खुशाल समजावे.

भिंतीपाशी ही व्यवस्था चालतच नाही. आम्ही चढलो तेव्हा दोर त्या चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती होता. आमचे वजन तिच्याहून बरेच अधिक; म्हणून आम्ही लोंबकळलो तर ती वर ओढली जाऊ नये यासाठी तिच्या पट्ट्याला मागून वाळूची पिशवी अडकविली होती. यंत्र दोराला झटका बसताच आपोआप आवळणारे होते आणि दोराची मोकळी बाजू शिकविणाऱ्यानेही सैल हातात धरली होती. म्हणजे विश्वास टाकला, पण डोळे मिटून टाकला नाही. तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: खालचा हात दोरावरून कधीही सोडायचा नाही. नाक खाजले तरी दुसऱ्या हाताने. त्या सबंध वेळात ती आमच्याशी बोलली नाही, इकडे तिकडे पाहिले नाही. या मुलीच्या हातून घरी जेवताना फोन सुटत नाही, अशी तिच्या आईची तक्रार असते. येथे तिच्या हाती खरोखरीचे काही दिले होते, एवढाच फरक.

वर चढण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. नवखा माणूस हातांनी स्वतःला ओढतो आणि पाच मिनिटांत थकतो. हात सरळ ठेवून पायांनी उठायचे असते, जिना चढल्यासारखे. कोकणात माडावर चढणारा माणूस पायात दोरीचे कडे अडकवून हेच करतो. आपल्याकडे दोरीचा मल्लखांबही आहे; त्यात पट्टा नाही, गाठ नाही, अंगाचीच अढी. बाळंभट्टदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांब नावारूपाला आणला. म्हणजे दोराशी आपले नाते काही आजचे नव्हे. असो.

कठीण आहे ते उतरणे. माथ्याला हात लागला की भिंत सोडून मागे, हवेत बसायचे असते, खुर्चीत बसावे तसे. पाय भिंतीवर पसरून टेकायचे आणि जोडीदार हळूहळू खाली आणतो. चढताना धीट असलेली माणसे येथे अडतात. आमच्यानंतर एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या माथ्यावर पोहोचल्या आणि भिंतीला बिलगून राहिल्या. खालून त्यांचा नातू सांगत होता की मी धरले आहे. बराच वेळ गेला. कुणी घाई केली नाही. शेवटी त्यांनी एक हात सोडला, मग दुसरा. खाली आल्यावर त्या नातवाला म्हणाल्या, "एवढे वजन तुला पेलले कसे रे?" आणि तो यंत्र कसे चालते ते त्यांना समजावून सांगू लागला. आजीला नातवाने काही शिकवावे असा प्रसंग आपल्या घरांत एरवी फोन बिघडला की येतो.

भाषेची एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. वर्गात हाका फ्रेंच होत्या. दोर ताठ हवा असेल तर "सेक", सैल हवा असेल तर "दु मू". आमच्या नातीने विचारले की या मराठीत म्हटल्या तर चालतील का. शिकविणारा म्हणाला, कोणत्याही भाषेत म्हणा. शब्द छोटे हवेत, एकमेकांसारखे वाजता कामा नयेत, आणि दोघांनी आधी ठरविलेले हवेत. तेव्हा आमचे ठरले: "ताण", "ढील" आणि "उतरव". "सोड" हा शब्द घ्यायचा नाही असे तिनेच सांगितले, कारण भिंतीवरच्या माणसाला सोड म्हटले तर तो काय सोडील याचा भरवसा नाही! पतंगाची ढील आम्ही लहानपणी ऐकलेली. तिने हा शब्द शाळेत मराठी घेऊनही कधी ऐकला नव्हता. प्राथमिक शाळेपासून आपली मुले मराठी शिकतात, परीक्षा देतात, निबंधात गाय आणि गणपती येतात. पण ज्या शब्दावर आपले शरीर लोंबकळते आहे तो शब्द मुलाच्या तोंडून मराठीत येण्याची वेळ कधी येते? त्या दिवशी सभागृहात "ढील! ढील दे!" अशी हाक घुमली तेव्हा दोन अनोळखी कुटुंबांनी वळून पाहिले आणि त्यांतील एक बाई नंतर येऊन विचारून गेल्या की तुम्ही कुठले. त्याही आपल्यातल्याच निघाल्या.

आता आक्षेप. पहिला स्त्रियांच्या बाबतीतला, आणि तो कुणी मोठ्याने बोलत नाही म्हणून आम्हीच बोलतो. पट्टा मांड्यांभोवती आवळला जातो. साडीत ते शक्य नाही आणि पायजम्यात बाईमाणूस चार लोकांत कसे दिसेल, हा तो आक्षेप. उत्तर एवढेच की तेथे प्रत्येक जण आपल्या गाठीकडे आणि आपल्या जोडीदाराकडे पाहत असतो. सैल विजार आणि लांब सदरा पुरतो. दागिने मात्र काढावे लागतात. अंगठी खुंटीत अडकून बोटाला गंभीर इजा होऊ शकते, ही ऐकीव भीती नव्हे. एका ताईंनी मंगळसूत्र सदऱ्याच्या आत घातले होते. शिकविणाऱ्याने नम्रपणे, "तांतीन, तेही", असे सांगितले. त्यांच्या यजमानांनी ते दोन तास आपल्या खिशात सांभाळले आणि दर पाच मिनिटांनी खिसा चाचपून पाहिला. घरी सासूबाईंना काय सांगायचे याची चर्चा मात्र त्यांच्यात बराच वेळ चालली होती.

"मुलगी पडली तर?" हा दुसरा आक्षेप. मुलगा आंब्याच्या झाडावर चढला तर तो खोडकर आणि मुलगी चढली तर "खाली उतर, पडशील", ही आपली रीत. झाडावर दोर नसतो. भिंतीवर असतो. मुलीच्या जिवाची खरी काळजी असेल तर तिला झाडाऐवजी भिंतीवर पाठवावे, आणि मुलालाही.

तिसरा आक्षेप प्रकृतीचा, आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. आपल्या बेटावर सुमारे पाचांतील एका प्रौढाला मधुमेह आहे. आपल्या घरांत तर ज्याला नाही तो शोधावा लागतो. हालचाल त्यावर हितकारक आहे हे डॉक्टर सांगतातच. परंतु चढण्याचे बूट पायाला घट्ट बसतात, आणि ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे त्यांना बूट चावलेला कळत नाही; साध्या फोडाची जखम होते आणि ती भरत नाही. अशांनी घट्ट बूट मुळीच घालू नयेत. पहिल्या वर्गाला साधे रबरी तळाचे बूट चालतात का ते आधी विचारावे आणि घरी येताच पाय तपासावेत. हृदयाचा विकार, अलीकडची शस्त्रक्रिया, गुडघ्याचे वा खांद्याचे जुने दुखणे असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज जाऊ नये. आणि ज्यांना चढता येणार नाही त्यांनीही दोर धरण्याचे शिकावे. खुर्चीत बसून जिलेबी खाण्यापेक्षा ते बरे.

खर्च? पट्टा, दोर, यंत्र सारे वर्गातच मिळते. फी एकट्या कुटुंबाला जड वाटेल, परंतु वीस जणांची मंडळी एकत्र गेली तर सवलत मागता येते. वार्षिक सहलीला आपण बस ठरवितो, बिर्याणीचे डेग नेतो, समुद्रावर तंबू ठोकतो आणि दुपारी सारे झोपतो. एका वर्षी त्यातील निम्मी रक्कम इकडे वळविल्याने समुद्र आटणार नाही.

मंडळांनी एक करावे. ही सहल ठरविण्याचे काम कार्यकारिणीने आपल्याकडे न ठेवता अठरा ते पंचवीस वयाच्या दोन सभासदांकडे द्यावे. त्यांनी चौकशी करावी, पैसे गोळा करावेत, पावत्या फाडाव्यात, जोड्या लावाव्यात. खजिनदारांनी हिशेब तपासावा. त्या दोघांनीही खजिनदारांचा तपासावा. जोड्या लावताना वडील व मुलगा एकत्र न ठेवता शेजारच्या घरचे मूल द्यावे, असे आमचे मत आहे. आपल्या वडिलांना वर अडलेले पाहिले की मुलांना हसू आवरत नाही आणि हसताना हात ढिला पडतो. नखे कापून यावे. जेवून लगेच येऊ नये. आणि हाकांचे तीन शब्द बसमध्येच ठरवून, पाठ करून घ्यावेत.